संघाची यादी कोण करतो?

गावात काही घडले की दुसऱ्या दिवशी एक ठरलेले वाक्य कानावर येते: "पोरांना मैदानावर आणा, मग हे प्रकार आपोआप थांबतील." शांतता समितीच्या बैठकीत ते पोलीस अधिकारी म्हणतात, चषकाच्या उद्घाटनाला लोकप्रतिनिधी म्हणतात, निवृत्त मुख्याध्यापक वर्तमानपत्राला पत्र लिहून म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघसुद्धा म्हणतो. खेळाच्या मदतीने हिंसक अतिरेकीपणा रोखण्याचा त्यांचा एक जागतिक कार्यक्रम २०२० पासून चालू आहे. तिथली मांडणी बरीच बारकाईची आहे, पण आपल्यापर्यंत पोचताना तिच्यातले एकच उरते. वयात आलेल्या पोराच्या अंगात रग असते, ती कुठेतरी जिरायला हवी. मैदानावर जिरली नाही तर दगड होऊन बाहेर येते.

सोलापुरात हे पटायला वेळ लागत नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या कापड गिरण्यांचे भोंगे थांबल्याला पिढी उलटली. यंत्रमाग, टॉवेल आणि विडीवर चाललेल्या घरांतली अठरा-वीस वर्षांची पोरे संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात, आणि जयंतीच्या मिरवणुकीत तीच डीजेपुढे दिसतात. कुणीतरी स्टेटस ठेवतो, कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट फिरवतो, आणि तासाभरात शंभर-दोनशे जण चौकीसमोर उभे. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये जे झाले त्याची सुरुवात अशाच स्टेटसपासून झाली होती. पोरे रिकामी म्हणून दगड, दगड नको म्हणून मैदान. हिशेब सरळ आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि चुकीच्या हिशेबावर पैसा खर्च झाला की उलटे फळ मिळते म्हणून त्याबद्दल लिहितो आहे.

७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये चार तरुणांनी स्वतःसकट स्फोट घडवले. ५२ माणसे मेली. त्या चौघांपैकी शहजाद तन्वीर हा लीड्सचा बावीस वर्षांचा पोरगा. विद्यापीठात त्याचा विषय होता क्रीडाविज्ञान. क्रिकेटचे त्याला वेड होते. स्फोटाच्या आदल्या संध्याकाळीही तो घराजवळच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता, असे ब्रिटिश सरकारच्या अहवालात नोंदलेले आहे. त्याची रग जिरत नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या गटाची वीण घट्ट होत गेली तीही जिममध्ये आणि वेल्सच्या नदीत राफ्टिंगला गेलेल्या सहलीसारख्या प्रसंगांत. तिकडे बेलग्रेडमध्ये रेड स्टार फुटबॉल क्लबच्या कडव्या चाहत्यांचा म्होरक्या झालेल्या अर्कानने १९९० नंतर त्याच प्रेक्षकांतून आपली निमलष्करी टोळी उभी केली. क्रोएशिया आणि बोस्नियात तिने जे केले त्यामुळे पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्यावर आरोपपत्र ठेवले. सामन्याला एका आवाजात घोषणा द्यायची सवय झालेली माणसे त्याला आयती मिळाली होती.

आपल्याकडचे पाहा. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला जाऊन आयसिसला मिळाले. ती काही उकिरड्यावर वाढलेली, शाळा न पाहिलेली पोरे नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनंतनागचा एक चांगला फुटबॉलपटू, कॉमर्सचा विद्यार्थी, लष्कर-ए-तैयबात गेला. जवळचा मित्र चकमकीत मेला होता. फुटबॉलने त्याला अडवले नाही. आठवडाभरात तो परत आला, कारण आईने टाहो फोडला आणि मित्रांनी परत ये म्हणून हाका घातल्या. मला हे उदाहरण फार बोलके वाटते. त्याला नेणारी मैत्री होती, आणि परत आणणारीही माणसेच होती.

तेव्हा रग वगैरे बाजूला ठेवू. ज्या वयाबद्दल आपण बोलतो त्या वयाला हवे असते ते आपले टोळके, आपल्याला नावाने हाक मारणारा एक मोठा माणूस, आणि आपण कुणीतरी आहोत अशी खात्री. दंगलीला माणसे जमवणारा या तिन्ही गोष्टी देतो. वर अपमानाची एक गोष्ट आणि एक शत्रू देतो. खेळाचा प्रशिक्षकही पहिल्या तिन्ही गोष्टी देतो. म्हणजे दोघांनाही पोरगा सापडतो तो एकाच वयात आणि बहुतेक वेळा एकाच कट्ट्यावर. खेळ टोळी बांधतो, हे त्याचे बळ आहे. ती टोळी कुणाकुणाची, हे खेळ ठरवत नाही. ते संघाची यादी करणारा ठरवतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचे सगळे त्या यादीबद्दल आहे.

ही यादी धर्मावर करण्याचा प्रयोग आपल्या राज्यात पूर्वी होऊन गेला आहे. मुंबईत १९१२ पासून हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा संघांची चौरंगी क्रिकेट स्पर्धा भरे; १९३७ पासून 'इतरां'चा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. गर्दी तुफान, खेळ अव्वल. सोलापुरात लहानाचे मोठे झालेले पॉली उम्रीगर, म्हणजे १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध भारताचे पहिले कसोटी द्विशतक काढणारे, प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले ते १९४४ मध्ये पारशांच्या संघातून. त्या काळी वर जायची वाटच ती होती. खेळाडू एकमेकांचे मित्र असतात, मैदानावर जातपात नसते, असे स्पर्धेचे समर्थक म्हणत, आणि खेळाडूंपुरते ते खोटेही नव्हते. पण प्रेक्षकांत बसलेला माणूस धावफलक धर्माचा म्हणून वाचत होता. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध मत दिले. महाविद्यालयांमधले, संस्थांमधले सामने आपण समजू शकतो, धर्मावार संघ कशासाठी हे समजत नाही, असा त्यांचा रोख होता. १९४६ मध्ये ही स्पर्धा संपली.

संपली म्हणायची, इतकेच. निवडणुकीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटला ऊत येतो. चषकाला इच्छुकाचे नाव, फ्लेक्सवर त्याचा हसरा चेहरा, खाली पन्नास शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. संघांची नावे वाचत जा: गल्लीचे नाव, मंडळाचे नाव, एखाद्या महापुरुषाचे नाव. सोलापुरात गल्ली सांगितली की जात, धर्म आणि भाषा बहुतेकदा सांगून होते. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू, कसब्यात कन्नड, नई जिंदगीत उर्दू. अशा संघांचा अंतिम सामना रंगात येतो, वाइडच्या निर्णयावरून शिवीगाळ होते, आणि त्या शिवीला दोन गल्ल्यांची जुनी खाती येऊन चिकटतात. मग आयोजक माईकवरून "खिलाडूवृत्ती दाखवा" म्हणतो. ही पंचरंगीच आहे. फक्त चेंडू टेनिसचा आहे आणि गांधीजी नाहीत.

यावर कुणी म्हणेल की हे तुमचे मत झाले. तर याची चाचणी झालेली आहे, तीही भारतात, तीही क्रिकेटवर. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने वाराणसी जिल्ह्यातल्या खेड्यांत १,२६१ तरुण घेतले. काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळवले, काहींना नाही. कुणाचा संघ एकाच जातगटाचा होईल आणि कुणाचा मिश्र, हे चिठ्ठीसारख्या योगायोगावर सोडले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघात जे एकत्र खेळले त्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या, आपल्याच जातवाल्याला झुकते माप द्यायची सवय कमी झाली, एकमेकांशी देवाणघेवाण करतानाही ते अधिक शहाणपणाने वागले. पण दुसऱ्या जातीची पोरे ज्यांना फक्त समोरच्या संघात भेटली, त्यांच्यावर परिणाम साधारण उलटा झाला. खेळ तोच, मैदान तेच, महिना तोच. फरक यादीचा.

म्हणजे 'दोन्ही समाजांचे संघ खेळवले' असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्यात अभिमान वाटण्यासारखे फारसे नाही. एका मोहल्ल्याचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघाशी भिडवणे म्हणजे सलोखा, ही कल्पना फोटोपुरती बरी.

आता या प्रकारच्या प्रयत्नांची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही उद्घाटनाचे भाषण केल्यासारखे होईल. सल्मा मूसा या संशोधिकेने उत्तर इराकमध्ये, आयसिसने उद्ध्वस्त केलेल्या ख्रिस्ती वस्त्यांतल्या हौशी फुटबॉलपटूंवर असाच प्रयोग केला. तो २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. काही संघांना जादा खेळाडू ख्रिस्तीच दिले, काहींना मुसलमान दिले. ज्यांच्या संघात मुसलमान सवंगडी आले ते पुढच्या मोसमात मिश्र संघासाठी नाव द्यायला जास्त राजी होते, आणि सहा महिन्यांनंतरही मुसलमानांबरोबर सराव करताना आढळले. इथवर छान. पण ओळखीच्या सवंगड्याबद्दलची आपुलकी अनोळखी मुसलमानापर्यंत पोचली नाही. मुस्लिमबहुल मोसूलला जायचे, मिश्र समारंभाला जायचे म्हटले की पाय अडखळतच होते.

आणि जमाव मारतो तो अनोळखी माणसालाच. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला जमावाने एका तरुण आयटी अभियंत्याला मारून टाकले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी छायाचित्रे फेसबुकवर आली म्हणून शहर पेटलेले होते. त्या छायाचित्रांशी या पोराचा काहीही संबंध नव्हता. तो आपल्या सोलापूरचा होता, नोकरीसाठी पुण्यात राहत होता. जानेवारी २०२३ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मिश्र क्रिकेट संघाने त्याचा जीव वाचला असता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. मला म्हणायचे ते याहून लहान आहे. जमाव निघायच्या आधी तासभर ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सगळ्यांनी या" असे पडते, त्या ग्रुपमधल्या चार पोरांच्या फोनमध्ये पलीकडच्या चार पोरांचे नंबर असतील, तर त्या तासात काहीतरी वेगळे घडायची शक्यता असते. कुणी फोन करून "आज इकडे येऊ नको बे" म्हणेल. कुणी जाणारच नाही, आणि दुसऱ्या दिवशी विचारल्यावर पोट दुखत होते म्हणेल. एवढीशी गोष्ट. खेळाकडून यापेक्षा जास्त मागू नये, पण एवढी तरी मागावीच.

आपल्या शहराला मिसळण्याचा मोठा वारसा आहे असे आपण सांगतो, आणि सांगताना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावे घेतो: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. खरे आहे. फक्त ही चार नावे एका ओळीत येतात ती भाषणात. शहरातल्या कुठल्याही चषकाच्या संघयादीत तशी चार नावे एका ओळीत सापडली तर मला कळवा. गिरण्यांनी माणसे मिसळली असेही आपण म्हणतो. पण तिथेही कुठल्या खात्यात कोण हे कुणीतरी ठरवत होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. एका छपराखाली आणले की माणसे मिसळतात ही समजूत तेव्हाही खोटी होती.

तालमींचे तसेच. पाणीवेस, पत्रा, थोरला मंगळवेढा ही तालमींची नावे सोलापुरात पत्ता सांगायला वापरतात, इतके ते प्रकरण जुने आणि खोल आहे. तालमीत लाल माती होती, वस्ताद होता, आणि वस्तादाचा शब्द बापापेक्षा वरचा होता. गणपतीआधीचा लेझीमचा सराव, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव, हे सगळे शरीर कमावण्याचे आणि एकमेकांच्या तालावर चालण्याचे शिक्षणच होते. आता शहरातल्या कितीतरी मंडळांकडे ताशी भाड्याचा डीजे आहे, वस्ताद नाही. मला जुन्याचे कौतुक लावून धरायचे नाही. त्या मातीतही कुणी उतरायचे आणि कुणी काठावर थांबायचे हे ठरलेले असे. पण एक गोष्ट तिथे होती जी आजच्या तीन दिवसांच्या चषकात नाही: रोज पहाटे हजर असणारा, पोराच्या घरी काय चालले आहे हे माहीत असणारा मोठा माणूस. तो चांगला असला तर पोरे तरायची, वाईट असला तर बिघडायची. कुस्तीत दोन ऑलिंपिक पदके मिळवलेल्या मल्लाला २०२१ मध्ये एका तरुण मल्लाच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, ती घटना दिल्लीच्या एका स्टेडियममधली. खटल्याचे काय व्हायचे ते न्यायालय ठरवील, पण नुसता आखाडा आणि नुसते पदक कुणाला संत करत नाही हे समजायला निकालाची वाट पाहायला नको.

आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल सोलापूरकरांना कुणी परके उदाहरण द्यायची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. त्यांच्यासाठी इथे तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, कुंपण गेले, पण 'सेटलमेंट' हा शब्द वस्तीच्या नावात आजही आहे, आणि त्या पत्त्यावरून पोराकडे बघण्याची नजर बदलते हे तिथल्या कुणालाही विचारा. उद्या महापालिकेने किंवा पोलिसांनी 'अतिरेकीपणा प्रतिबंधक क्रीडा योजना' काढली आणि ती चार ठरावीक मोहल्ल्यांत राबवली, तर पोरांना चेंडूबरोबर शिक्काही मिळेल. ब्रिटनने हे करून पाहिले. लंडनच्या स्फोटांनंतर त्यांची 'प्रिव्हेंट' योजना वाढली, २०१५ पासून शाळांवरही संशयास्पद मुले कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आली, आणि मुसलमान कुटुंबांना शिक्षक हेर वाटू लागले. शिवाय आपल्याकडे अतिरेकी म्हणजे नेहमी पलीकडच्या गल्लीतला. आपल्या गल्लीतला पोरगा फक्त 'जरा तापट' असतो. म्हणून अशा कामाला खेळाचे नाव द्यावे, दुसरे कुठलेही देऊ नये, आणि ते साऱ्या शहरात करावे.

मग करायचे काय? मैदान देणारी महापालिका आहे, शाळा आहेत, जिल्हा क्रीडा कार्यालय आहे. मैदानाच्या परवानगीला एक अट जोडता येते: तयार संघ घेऊन यायचे नाही. नावे एकेकट्याने द्यायची, वस्तीवार गट पाडायचे, आणि संघ चिठ्ठ्या टाकून करायचे, तेही असे की एका संघात एकाच वस्तीचे तीनपेक्षा जास्त नसतील. संघाला रंगाचे नाव नको, नदीचे द्या: भीमा, सीना, नीरा. रंगांचे आपण काय केले आहे ते सगळ्यांना माहीत आहे. सामने तीन दिवसांत उरकू नयेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार महिने. मैत्री व्हायला कंटाळासुद्धा एकत्र करावा लागतो. सराव, पाऊस आला म्हणून शेडमध्ये थांबणे, एकाच गाडीवर तिघांनी घरी जाणे, हे सगळे त्यात आले. बक्षिसाची रक्कम लहान ठेवा, नाहीतर दुसऱ्याच सामन्याला बाहेरचे भाडोत्री खेळाडू येतील. शुक्रवारी दुपारी सामना नको, रमजानमध्ये वेळ रात्रीच्या तरावीह नमाजानंतरची, एकादशीला अल्पोपहारात काय द्यायचे याचा विचार, एवढे भान आयोजकाला असले की घरचे लोक अर्धे निश्चिंत होतात.

खेळ कुठला यालाही महत्त्व आहे. क्रिकेटमध्ये एखादा पोरगा अकरा जणांत असूनही एकटाच खेळू शकतो. खो-खोत ते जमत नाही. आठ जण पाटीवर आलटून पालटून उलट्या दिशांना तोंड करून बसलेले, नववा पळतोय, आणि पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय कुणाला उठता येत नाही. कुणाला खो द्यायचा हे क्षणात ठरवायचे असते. तिथे जात बघत बसणारा संघ हरतोच. सोलापूर जिल्ह्यात खो-खो रुजलेला आहे, मुलींचाही. आणि मुलींचा विषय इथे शेवटी जोडायचा म्हणून जोडत नाही. कितीतरी दंगलींची कारणे मुलींच्या नावाने सांगितली जातात, आमच्या मुली, तुमची पोरे. पण पोरांना मैदानावर आणा म्हणताना मुली कुणाच्या डोक्यात नसतात. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे २०२२ मध्ये भारताकडून इंग्लंडमध्ये टी-ट्वेंटी खेळली. ज्या गल्लीतून मुलगी किट-बॅग घेऊन रोज एकटी जाते-येते, त्या गल्लीत 'आमच्या मुलींचे रक्षण' करायला निघालेल्या टोळक्याला जरा कमीच काम उरते.

पैसा लागतो तो प्रशिक्षकाला. इथेच सगळे अडते. फलक, ट्रॉफी, टी-शर्ट यांना प्रायोजक मिळतो. रोज संध्याकाळी येणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. शाळांतली क्रीडाशिक्षकांची पदे आटत गेली, आणि जे आहेत त्यांच्या वाट्याला सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे. अशा योजनेत मानधनाचे दोन प्रशिक्षक तीन वर्षे टिकले तर दहा चषकांपेक्षा ते बरे.

पहाटे पाचच्या सुमाराला शहरातल्या मैदानांवर आजही एक मिश्र संघ धावताना दिसतो, आणि तो कुणी जमवलेला नाही. पोलीस भरतीची पोरे. १,६०० मीटरची वेळ कमी करायची, गोळा फेकायचा, मग अभ्यासिकेत जायचे. सगळ्या जातींची, सगळ्या भागांतली, कुणाकडे बूट आहेत, कुणी अनवाणी. त्यांच्यात एक वाक्य सतत ऐकू येते: "केस पडली तर भरती गेली." चारित्र्य पडताळणीची धास्ती त्यांना मिरवणुकीत कडेला उभे राहायला लावते. नीतीपेक्षा ही धास्ती कामाला येते, हे कुणाला हलके वाटेल; मला वाटत नाही. गमावण्यासारखे काही हातात असणे हीच तर मूळ गोष्ट. सरकारी नोकऱ्यांतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, परीक्षेतले सवलतीचे गुण, यांची माहिती विडी घरकुलातल्या किंवा नई जिंदगीतल्या किती पोरांना असते? खेळातून पुढे जाता येते हे ज्यांना कुणी सांगितलेच नाही, त्यांना खेळातली शिस्त शिकवायला जाणे हे जरा उद्धटपणाचे आहे.

एक आक्षेप राहतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. पोरे दगड उचलतात, पण भाषणे पोरे करत नाहीत. भाषण करणारे चाळिशी-पन्नाशीतले, खुर्चीवर बसलेले असतात, आणि त्यांना कुठल्याही चषकाच्या उद्घाटनाला आपण हार घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सर्व राज्यांना बजावले की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवा. ते होत नसेल, तर पोरांना मिश्र संघात खेळवणे म्हणजे मोठ्यांचा हिशेब लहानांकडून वसूल करणे. हा आक्षेप मी मान्य करतो. तरीही खेळ थांबवून आधी भाषणे थांबण्याची वाट पाहा असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की जो माणूस अशी भाषणे करतो, त्याच्या नावाचा चषक महापालिकेच्या मैदानावर नको.

भिवंडीचे उदाहरण जुने आहे, पण तेही यंत्रमागाचे गाव म्हणून आपल्या जवळचे. १९७० आणि १९८४ ला तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या: दोन्ही समाजांचे सदस्य, सोबत पोलीस, आणि काही घडलेले नसतानाही नियमित बैठका. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथेही कळीचा प्रश्न सदस्यांच्या यादीचा होता, आणि दंगलीच्या चार वर्षे आधी ती यादी कुणीतरी जाणीवपूर्वक केलेली होती.

आपल्या शांतता समितीच्या बैठका सणाच्या आठ दिवस आधी होतात. मंडळांचे अध्यक्ष येतात, माजी नगरसेवक येतात, चहा होतो, डीजेच्या आवाजावर चर्चा होते. ज्या वयाची चर्चा चाललेली असते त्या वयाचे तिथे कुणी नसते. पुढच्या बैठकीला सोळा ते बावीस वयाची वीस पोरे-पोरी बोलवा, एकेका वस्तीतून एकेक, आणि त्यांना फक्त मैदानाबद्दल विचारा. शाळेचे फाटक संध्याकाळी किती वाजता उघडायचे? एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातच्या आधी सोलापुरात कुणी धावू शकत नाही, तेव्हा दिवे दहापर्यंत चालू ठेवायचे का? वीजबिल कुणाच्या खात्यातून भरायचे, हा प्रश्न अधिकारी लगेच काढतील, आणि तो योग्यच आहे. त्यांनी एका मिरवणुकीच्या बंदोबस्ताचा खर्च शेजारी मांडून दाखवावा.